विजार कुणाची?

रमजानचे पंधरा रोजे उलटले की आमच्या नालासोपाऱ्यात शिलाईच्या दुकानांवर 'ऑर्डर बंद'ची पाटी लागते. मास्टरच्या मागे भिंतभर कपडे टांगलेले असतात आणि तरावीहनंतर सुरू झालेला मशीनचा आवाज सहरीपर्यंत थांबत नाही. यंदा आमच्या घरचं एक कापड या पाटीनंतर दुकानात गेलं. उशीर झाला तो घरातल्या वादामुळे.

झालं असं, की आमच्या पुतणीला वालीवच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात नोकरी लागली. मुलगी आयटीआय झालेली. ईदनंतर हजर व्हायचं होतं. अट एवढीच, की काम यंत्राजवळ असल्यामुळे ओढणी नको आणि घेरदार सलवार नको. पँट आणि त्यावर कारखान्याचा कोट. स्कार्फ चालेल, पण घट्ट बांधलेला. फिरत्या यंत्रात कापडाचं टोक अडकलं की माणूसच ओढला जातो, त्यामुळे अट आम्हाला पटली. अम्मींना मात्र पटली नाही.

"नोकरी कर बेटा, नाही कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "पण पँट मर्दांची. आपल्यात बायका सलवार घालतात. मर्दांची नक्कल करणाऱ्या बायकांवर लानत आहे, ठाऊक आहे ना?"

पुतणी हळूच म्हणाली, "दादी, सलवार म्हणजे तरी काय? दोन पायांचा शिवलेला कपडाच ना?"

यावर अम्मींकडे उत्तर नव्हतं आणि आमच्याकडेही नव्हतं. दोन पायांचा हा कपडा आला कुठून, तो मर्दाचा कधी झाला, आपला कधी झाला, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. मग रमजानच्या त्या दहा-बारा दिवसांत पुस्तकं चाळली, माहितगारांना विचारलं. जे हाती आलं ते वाचकांपुढे ठेवतो. बऱ्याच घरांत हाच वाद वेगळ्या शब्दांत चालू असेल.

घोड्याने शिकवलेली शिवण

आज माहीत असलेल्या सगळ्यांत जुन्या विजारी चीनच्या शिनजियांग प्रांतात, तुर्फानजवळ यांगहाई इथल्या कबरींमध्ये सापडल्या. हा मुलूख आज उइघुर मुसलमानांचा. विजारी मात्र तीन हजार वर्षांहून जुन्या, म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधीच्या. त्या लोकरीच्या आहेत. २०१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं, की कापड कापून त्या शिवलेल्या नव्हत्या. दोन पायांचे दोन तुकडे आणि मधला एक रुंद तुकडा मागावरच हव्या त्या मापाचे विणून मग ते जोडले होते. त्याच कबरीत घोड्याचा लगाम आणि चाबूकही मिळाला.

विजार का जन्माला आली, हे त्या लगामावरून कळतं. लुंगी, धोतर किंवा लुगडं नेसून दिवसभर घोड्यावर मांड टाकणं अवघड. मांड्या सोलून निघतात, कपडा सुटतो. मधला तो रुंद तुकडा पाय फाकवायला जागा देतो. आमच्या मास्टरला हे सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे मियानी!" सलवारच्या दोन पायांमध्ये चौकोनी तुकडा जोडतात, ती मियानी. घोडेस्वारासाठी निघालेली ही युक्ती आज रुकू-सजद्यात कपडा उसवू नये म्हणून आपल्या कामी येते.

घोड्याबरोबर विजार सगळीकडे गेली. चीनमध्ये इसवी सनापूर्वी ३०७ मध्ये झाओ राज्याच्या वुलिंग राजाने आपल्या सैन्याला उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांसारखी विजार घालायला लावली. दरबारी लोक म्हणाले, हे रानटी लोकांचं सोंग आपल्याला शोभत नाही. राजाने ऐकलं नाही, कारण घोड्यावरून बाण मारायचा तर झग्यात जमत नव्हतं. इराणात पर्सेपोलिसच्या दगडी शिल्पांत विजार घातलेले मेद आणि शक लोक आजही दिसतात. ग्रीक लोक इराण्यांच्या या कपड्याची थट्टा करत, त्याला पोतं म्हणत. रोमनांनाही तो रानटी वाटे. चौथ्या शतकाच्या अखेरीला रोम शहरात विजार घालण्यावर बादशाही कायद्याने बंदी आली. ज्या कपड्यात आज जगभरचे अधिकारी खुर्चीवर बसतात, त्याच्यावर हे दिवस येऊन गेले आहेत.

आपल्या देशातही तो घोड्यावरूनच आला. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्क राजाचा मस्तक नसलेला पुतळा आहे. अंगात लांब कोट, पायांत जाड बूट, मध्य आशियातल्या स्वाराचा सगळा थाट. पुढे गुप्त राजांनीही काही नाण्यांवर स्वतःला अशाच कोट-विजारीत दाखवलं.

मक्केच्या बाजारातला सौदा

'सलवार' हा मूळचा फारसी शब्द. अरबीत त्याचं 'सिरवाल' आणि 'सरावील' झालं. अरबस्तानात बहुतेक लोक न शिवलेली चादर कमरेला गुंडाळत, तिला 'इजार' म्हणत. सरावील बाहेरून आलेला कपडा होता, पण परका म्हणून कुणी तो टाकला नाही.

अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीससंग्रहांत हजरत सुवैद बिन कैस (रजि.) यांची एक रिवायत आहे. ते आणि त्यांचे एक साथीदार हजरहून कापड घेऊन मक्केला आले होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्याकडे आले आणि त्यांनी एका सरावीलचा सौदा केला. तिथे मजुरीवर वजन करणारा एक माणूस होता. किंमत तोलून देताना प्रेषितांनी (स.) त्याला सांगितलं, की तोल आणि पारडं थोडं झुकतं ठेव. व्यवहारात आपल्याकडून जास्त जावं, कमी नको, ही शिकवण आपण या रिवायतीतून घेतो. आम्हाला या वेळी तिच्यातली विजारही दिसली. दुसऱ्या मुलखातून आलेला कपडा, आणि सौदा प्रामाणिक.

एक शब्द, दोन कपडे

हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांना माहीत आहे, की इहरामात पुरुषाला शिवलेला कपडा चालत नाही. सहीह हदीसमध्ये कुर्ता, अमामा, सरावील यांची नावं घेऊन मनाई आहे. ज्याला इजार मिळणारच नाही, त्याने सरावील घालावी, अशी सवलतही आहे.

आता आपल्या मराठीकडे पाहा. 'इजार' शब्द आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थच पालटला. अरबीत न शिवलेली चादर म्हणजे इजार, तर मराठीत शिवलेला, नाड्याचा कपडा म्हणजे इजार. तिचंच पुढे 'विजार' झालं. म्हणजे इहरामात जी नेसायची ती इजार आणि जी उतरवून ठेवायची तीही इजार!

अम्मी हजला जाऊन आलेल्या आहेत. त्यांना आम्ही विचारलं, "इहरामात तुम्ही काय घातलं होतं?"

"रोजचंच. बायकांना शिवलेलं चालतं. सलवार-कमीज आणि वर मोठी ओढणी."

"आणि अब्बांनी?"

अम्मी थांबल्या. मग त्यांनाच हसू आलं. अल्लाहच्या घरासमोर मर्दांनी विजार उतरवली होती आणि बायकांच्या अंगावर ती तशीच होती. विजार ही केवळ मर्दांची, हे म्हणणं तिथेच सैल पडलं.

सोपाऱ्याचं बंदर, वसईचा किल्ला

आपण राहतो ती जमीन या गोष्टीत मोठा भाग घेऊन बसली आहे. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. अरब भूगोलकारांच्या लिखाणात ते 'सुबारा' म्हणून येतं. दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशाने खंबायतपासून सैमूरपर्यंतच्या, म्हणजे आजच्या चौलपर्यंतच्या किनारपट्टीबद्दल लिहिलं आहे, की इथले मुसलमान आणि बिगर-मुसलमान एकसारखेच कपडे घालतात, दाढीही एकसारखीच राखतात, आणि उकाड्यामुळे तलम कापड वापरतात. सोपारा याच पट्ट्यात येतं. हजार वर्षांपूर्वी इथल्या मुसलमानाचा पोशाख शेजाऱ्यापासून वेगळा नव्हता, आणि तरी त्याचा दीन शाबूत होता.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती घेतली. मधली दोनशे वर्षं किल्ल्यात पोर्तुगीज उमराव होते. त्यांच्या भाषेत आतल्या लांब विजारीला 'सेरोलास' म्हणतात. हा शब्द अरबी 'सरावील'वरून आलेला, स्पेन-पोर्तुगालवरच्या मुस्लिम राज्याची आठवण. डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात होता. त्याच्या पुस्तकातल्या चित्रांत तिथले पोर्तुगीज घोट्यापर्यंत लांब, सैल विजारी घालून दिसतात. या उकाड्यात त्यांनाही तेच सोयीचं वाटलं.

त्यांनी आपल्याला काय दिलं? कापडाची 'फीत' पोर्तुगीज 'फिता'वरून आली आणि बटणाचं 'काज' 'काझा'वरून, म्हणजे घरावरून. बटणाचं घर ते काज. 'इस्त्री'ही त्यांचीच. आपल्या पँटमध्ये अरबांचा शब्द, इराणची कल्पना आणि पोर्तुगीजांचं काज एकाच शिवणीत बसलं आहे.

मराठीच्या संदुकीतल्या विजारी

पायांच्या शिवलेल्या कपड्याला मराठीत किती शब्द आहेत ते मोजून पाहा. विजार, इजार, सुरवार, तुमान, चोळणा, लेंगा, पायजमा. मोल्सवर्थच्या शब्दकोशातही यांतले बरेच सापडतात. सुरवार म्हणजे आपली सलवारच, मराठी जिभेवर चढलेली. 'पायजमा' फारसी, पाय म्हणजे पाय आणि जामा म्हणजे वस्त्र. मराठा सरदारांच्या जुन्या चित्रांत जामा आणि तंग चुणीदार विजार दिसते. दख्खनच्या सुलतानशाह्यांत, मोगल दरबारात आणि मराठ्यांच्या छावणीत वेश फार निराळा नव्हता. स्वारीवर जाणाऱ्याची गरज सगळीकडे एकच होती.

चुणीदाराची शिलाई सोपी नाही. कापड उरेब, म्हणजे तिरपं कापावं लागतं. तिरप्या कापडाला ताण असतो, म्हणून ते पोटरीला चिकटून बसतं आणि तरी मांडी घालता येते. लखनऊकडे याउलट घेर वाढत गेला. गुडघ्यापाशी चुण्या जोडून खाली पसरणारा गरारा तिकडच्या बेगमांचा. सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढमधून शेरवानीखालचा सरळ, सैल 'अलीगढी' पायजमा घरोघर गेला. तुर्कस्तानात त्याआधीच, १८२९ मध्ये, सुलतान महमूद दुसरे यांनी सरकारी नोकरांना फेज टोपी आणि युरोपी पँट घालायला लावली होती. खलिफाच्या दरबारात पँट आली त्याला दोनशे वर्षं होत आली.

डोंगरीचं कापड, जोधपूरची विजार

इंग्रजांनी आपला पायजमा उचलला आणि तो झोपायचा कपडा केला. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या शब्दकोशात नोंदच आहे, की ही विजार मुसलमानांकडून युरोपियनांनी घरच्या आणि रात्रीच्या वापरासाठी घेतली. आज लंडनचा मुलगा पायजमा घालून झोपतो, आणि आपला मुलगा लोकलमध्ये पायजमा घालून चढला तर चार नजरा वळतात. कपड्याचं नशीबही माणसासारखंच असतं.

इंग्रजीत कामगारांच्या जाड विजारीला 'डंगरी' म्हणतात. हा शब्द 'डोंगरी' या जाड्याभरड्या सुती कापडावरून आला आणि ते नाव मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडलं जातं. नालासोपारा-विरारला जागा घेऊन आलेल्या कितीतरी कुटुंबांचं जुनं घर डोंगरीत आहे. त्यांनी हे मुलांना जरूर सांगावं. 'खाकी' आपल्या 'खाक'वरून, मातीवरून. १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या गाइड्स पलटणीने तो रंग आधी वापरला. जोधपूरच्या सर प्रतापसिंहांनी १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी इंग्लंडला जाताना आपली मांडीवर सैल आणि पोटरीला तंग विजार नेली. जगभरचे घोडेस्वार आजही तिला 'जोधपूर' म्हणतात. जीन्स अमेरिकेची. जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेवी स्ट्रॉस हा कापडवाला, या दोघांना २० मे १८७३ रोजी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटी ठोकण्याचं पेटंट मिळालं. मजुरांच्या विजारी वजनाने उसवत होत्या, म्हणून हा इलाज.

आणि बाईची पँट?

युरोपात बाईने पँट घालणं हा गुन्हा मानला जाई. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला, की पुरुषी वेश करायचा असेल तर बाईने पोलिसांची परवानगी घ्यावी. तो कागदोपत्री तसाच पडून होता. २०१३ मध्ये तो निरर्थक असल्याचं फ्रान्सच्या महिला हक्क मंत्र्यांनी जाहीर केलं. या मंत्री नजात वालो-बेलकासेम, मोरोक्कोत जन्मलेल्या. १८५१ च्या सुमारास अमेरिकेत काही बायकांनी जमिनीवर लोळणारे झगे सोडून आखूड झग्याखाली घोट्याशी बांधलेली घेरदार विजार घातली. अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या पत्रातून तिचा पुरस्कार केला. लोक तिला काय म्हणत? 'तुर्की विजार'. मुस्लिम मुलखातल्या बायका शतकानुशतकं विजार घालत होत्या आणि पश्चिमेच्या बायका मोकळं चालता यावं म्हणून त्यांचा कपडा मागत होत्या. आज पँट पश्चिमेची आणि म्हणून बेशरमीची, असं आपण म्हणतो, तेव्हा हा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो.

अम्मींनी सांगितलेल्या हदीसचा मान ठेवूनच पुढे जायला हवं. पुरुषांनी बायकांची आणि बायकांनी पुरुषांची नक्कल करू नये, ही शिकवण स्पष्ट आहे. पण कोणता कपडा मर्दाना आणि कोणता जनाना, हे कसं ठरतं? सहीह बुखारीचे मोठे भाष्यकार हाफिज इब्न हजर यांनी लिहिलं आहे, की पोशाखाची तऱ्हा प्रत्येक मुलखाच्या रिवाजाप्रमाणे बदलते. कपड्याने अंग झाकलं जावं, तो तंग वा पारदर्शक नसावा आणि त्यात घमेंड नसावी, या गोष्टी पाहायच्या. घमेंडीचंच पाहा. कपडा गर्वाने जमिनीवर ओढत चालण्याबद्दल प्रेषितांनी (स.) कडक इशारा दिला. तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) म्हणाले, की माझ्या इजारची एक बाजू खाली घसरते. त्यांना उत्तर मिळालं, की तुम्ही गर्वाने तसं करणाऱ्यांतले नाही. घोट्याच्या वर की खाली, यावर मुलांना टोकणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनी हा प्रसंगही त्यांना सांगावा. बारीकसारीक मसला असेल तर आपल्या आलिमांना विचारावं. पण विचारण्याआधी लानतीचा शब्द घरात काढू नये.

'पंजाबी ड्रेस'ची आठवण

हे सगळं आम्ही इफ्तारनंतर थोडं थोडं अम्मींना सांगत होतो. एका रात्री त्या आपणहून बोलल्या.

"माझ्या सासूबाई आयुष्यभर साडी नेसल्या. मीही लग्नानंतर कितीतरी वर्षं साडीच नेसले. आपल्या कोकणी घरांत सलवार होती कुठे? तुमची बहीण शाळेत जायला लागली तेव्हा तिला पहिल्यांदा शिवली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, हा पंजाबी ड्रेस आपल्या घरात कशाला?"

पंजाबी ड्रेस! मराठीत अजूनही दुकानाच्या पाट्यांवर हेच लिहिलेलं असतं. ज्या सलवारला अम्मी 'आपल्यात बायका घालतात' म्हणत होत्या, ती याच घरात परकी म्हणून आली होती. ती बहीण पुढे बी.एड. झाली, आज शिक्षिका आहे. सलवारीने तिचं काही बिघडलं नाही.

"मग सासूबाई तयार कशा झाल्या?" पुतणीने विचारलं.

"झाल्या कुठे? मी शिवली आणि तिला शाळेत पाठवलं." अम्मी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कापड आण. पण शिवून घे. दुकानातली तंग नको."

दुसऱ्या दिवशी पाटी लागलेली असतानाही मास्टरने कापड घेतलं. बारा-चौदा वर्षांपासून ओळख. शिवाय रेडिमेडमुळे माप देऊन शिवणारी गिऱ्हाइकं कमी झाली आहेत, असं तो म्हणतो. ईदपुरती गर्दी, पुढचे महिने कारखान्याकडून नगावर मिळेल ते काम. आपल्या वस्त्यांत कितीतरी बहिणी घरी मशीन टाकून हेच करतात. ईदचा एक तरी जोडा ओळखीच्या माणसाकडून शिवून घेतला, तर आपली आवड आणि त्यांची रोजी दोन्ही भागेल.

माप घेताना मास्टरने विचारलं, "बसून काम की उभ्याने?" दोन्ही, पुतणी म्हणाली. मग त्याने सरळ, सैल पँट सुचवली. कमरेला पट्टा आणि काज-बटण, मागे थोडं इलॅस्टिक, खाली मोहरी बेताची, म्हणजे यंत्रात अडकणार नाही आणि पोटरीलाही चिकटणार नाही. आणि आत, कुणाला दिसणार नाही अशी, मियानी.

"पँटला मियानी?" पुतणीला हसू आलं.

"दुपारची नमाज कारखान्यातच पढशील ना?" मास्टर म्हणाला. "मग लागेल."

दोन जोड शिवून चांदरातीला मिळाले. अम्मींनी चष्मा लावून शिवण उलटसुलट पाहिली, कापड ओढून पाहिलं, कुर्त्याची लांबी गुडघ्याखाली आहे ना, तेवढं विचारलं. ईदच्या चौथ्या दिवशी पुतणी सकाळच्या पाळीला गेली. अम्मी दारापर्यंत आल्या, दुआ पढून तिच्यावर फुंकर घातली आणि म्हणाल्या, "ओढणी बॅगेत ठेव. येताना घे."